दुपारी अडीचचे तारे

यशवंतपूर, बंगळूर
९ जून २०२५

चि. शलाका हिला,

रीत आहे म्हणून लिहितो, अनेक आशीर्वाद. मनातून एकही नाही.

तू माझा फोन उचलत नाहीस. परवापासून मेसेजही जात नाही, म्हणजे मला ब्लॉक केलंस. तू हेब्बाळला, मी यशवंतपूरला, मध्ये अर्ध्या तासाचा रस्ता, आणि सख्ख्या मामाला भाचीशी बोलायला पोस्टाचं तिकीट लावावं लागतंय. औषधांनी हात थरथरतो, म्हणून मी सांगतोय आणि तुझी मामी, नयना, लिहून घेते आहे. तिला बजावलंय, मी बोलेन तसंच उतरव, तुझं शहाणपण घालू नकोस.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर काल पहिल्यांदा कॉम्प्युटर उघडला. आपल्या निरीक्षकांच्या ईमेल-यादीवरच्या जगभरच्या तीस-पस्तीस माणसांना तू काय लिहिलंस ते वाचलं. "बंगळूरहून आलेले ठिपके हिशोबात धरू नयेत. ते खरे असल्याची मला खात्री नाही." अगं, लाज कशी वाटली नाही? निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं मी तुमकूर रस्त्यावरच्या त्या शेतात शेड बांधून, पदरचे पैसे घालून दुर्बीण चालवतो. माझा एकेक ठिपका म्हणजे एकेका फोटोवरून मोजलेली ताऱ्याची चमक आहे. पगारदार लोक झोपतात तेव्हा मी मोजतो. आणि तू म्हणतेस खात्री नाही?

मे महिन्यात त्या ताऱ्याची सूचना आली तेव्हा फोन कोणी केला होता? "मामा, त्या रात्री दक्षिण आफ्रिकेत ढग आहेत, ऑस्ट्रेलियात ढग आहेत, चिलीत दिवस असेल, तूच एकटा आहेस." हे शब्द तुझे. मी आजारी पडण्याआधी दुर्बिणीला सगळं ठरवून दिलं होतं, तिने आपोआप काम केलं, आकड्यांचं टेबलही आपोआप गेलं. तुला पाहिजे होते ते ठिपके मिळाले, तर तू मला चोर ठरवतेस. (इथे त्यांनी एक शब्द वापरला, तो मी लिहिलेला नाही. न.)

आठ दिवसांत सगळ्यांना लिहून तो मजकूर मागे घे. नाहीतर मला तुझ्या आईला पुण्याला फोन करून सांगावं लागेल की तुझ्या लेकीने काय दिवे लावले.

उमाकांत


हेब्बाळ, बंगळूर
१४ जून २०२५

मामांना,

आजपासून "तुम्ही". मी ज्याला "तू" म्हणायचे तो मामा वेगळा होता.

हो, ब्लॉक केलंय. फोनवर तुम्ही ओरडता, मी रडते आणि मुद्दा बाजूला राहतो. कागदावर ओरडता येत नाही. आईला खुशाल फोन करा, मी आधीच केलाय.

आता मुद्दा. पहिलीतल्या पोराला सांगतात तसं सांगते, म्हणजे मामी तुम्हाला वाचून दाखवेल तेव्हा तिलाही काही अडणार नाही. एक तारा खूप मागे असतो. त्याच्या आणि आपल्या मधून काहीतरी जड जातं, त्याच्या वजनाने मागच्याचा प्रकाश वाकून एकवटतो आणि मागचा तारा काही दिवस जास्त झगझगीत दिसतो. मधून जाणारं आपल्याला दिसतही नाही. तो एकटा तारा असेल तर चमक हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. जोडतारा असेल तर चमक एकदम उडी मारते, काही दिवस वर राहते आणि मग काही तासांत कोसळते. आलेख एका ताऱ्याच्या गणितात बसेना की आम्ही म्हणतो, अरे, इथे दुसराही आहे. मागचा तारा त्या जोडीच्या वजनाच्या कुंपणात शिरला की चमक चढते; शिरला म्हणजे बाहेर पडणारच, आणि तेव्हाच ती कोसळते. प्रश्न एवढाच की कधी. आणि हा योग पुन्हा येत नाही.

मी गणित मांडून म्हटलं, २१ मेच्या रात्री कोसळेल, भारतातून दिसेल. माझ्या विभागाचे प्रमुख त्रिविक्रम सर म्हणाले, छे, आणखी एक दिवस जाईल. चिलीत दुर्बिणी उघडल्या तेव्हा तारा कोसळून बसला होता. कोसळताना पाहिलं कोणी? कोणी नाही. मग दोन दिवसांनी तुमच्या ठिपक्यांचं टेबल आलं. मी ऑफिसात अक्षरशः नाचले, मामा. मग वेळेचा रकाना बघितला. २१ मे, दुपारी अडीच.

दुपारी अडीच वाजता बंगळुरात तारे! त्या वेळी तुमच्या छातीत स्टेंट बसवत होते आणि मी खाली कॅन्टीनमध्ये चहा पुढ्यात घेऊन नुसती बसले होते. सरांनी भर मीटिंगमध्ये विचारलं, "शलाका, तुझ्या मामांना दुपारी तारे दिसतात का?" सगळे हसले. मीपण हसले, काय करणार?

म्हणाल, अर्ध्या दिवसाची गफलत असेल. तेही पाहिलं. आमच्या मोजणीत दिवस दुपारी बाराला सुरू होतो, कुणी तो मध्यरात्रीपासून धरला तर वेळ अर्ध्या दिवसाने सरकते. तुमचे ठिपके तेवढे पुढे सरकवले तर त्या रात्री अडीचला येतात आणि माझ्या गणिताच्या रेघेचं बोट धरून चालतात. तीच रेघ, जी मी तुम्हाला आधी पाठवली होती! आणि रात्री अडीचला तुम्ही आयसीयूमध्ये. मी नऊला निघाले तेव्हा मामी बाहेर बाकावर बसली होती, ती रात्रभर तिथेच होती, तिला विचारा. दुर्बीण आपोआप चालते हे मान्य. पण शेडचं छप्पर हाताने ढकलावं लागतं, मी ढकललंय, खांदे भरून आले होते. ते कोणी उघडलं?

मला जे दिसतं ते सांगते. नाव लागावं म्हणून तुम्ही माझ्याच रेघेवरून ठिपके आधीच काढून आपोआप जातील असे लावून ठेवले आणि वेळ लिहिताना चुकलात. तसं नसेल तर मूळ फोटो पाठवा. कॅमेरा प्रत्येक फोटोवर स्वतःच वेळ उमटवतो. पाठवा, मी सगळ्यांची माफी मागते.

शलाका


यशवंतपूर
२० जून २०२५

शलाका,

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हणे माझ्या रेघेवरून ठिपके काढले! तुझी रेघ म्हणजे काय सोन्याची लागून गेली?

छप्पर कोणी उघडलं विचारतेस. मीच उघडलं. १९ तारखेला शेतावर गेलो होतो, तेव्हाच उघडून ठेवलं, कारण छातीत दुखत होतं आणि पुन्हा येणं होईल असं वाटत नव्हतं. झालं समाधान? (लिहिलं. न.) वेळेच्या रकान्यात प्रोग्रॅमने घोळ घातला असेल. मी सरकारी कंपनीत चौतीस वर्षं यंत्रं तपासली आहेत. यंत्र चुकतं तेव्हा आपण यंत्र बघतो, माणसाला फासावर लटकवत नाही.

मूळ फोटो मिळणार नाहीत. ते शेतावरच्या कॉम्प्युटरमध्ये आहेत आणि डॉक्टरांनी मला प्रवासाला मनाई केली आहे. मनाई नसती तरी दिले नसते. झडती चोराची घेतात. मामाचा शब्द पुरत नसेल तर फोटो कशाला पुरेल? उद्या म्हणशील, फोटोही घरीच रंगवले.

पुण्याहून आलीस तेव्हा दोन बॅगा आणि एक पदवी एवढंच होतं तुझ्याकडे. दोन वर्षं या घरात राहिलीस. तुला भांडं विसळावं लागलं नाही. यशवंतपूरच्या बाजारातून तुझ्यासाठी म्हणून पिशवीभर पेरू यायचे. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच. (पेरू मी आणायचे. न.)

नयना मध्येच काहीतरी बोलायला बघते आहे. तिला म्हटलं, हे तुझ्या डोक्यावरून जाणारं आहे, तू फक्त लिही.

उमाकांत


हेब्बाळ
२८ जून २०२५

मामा,

१९ तारखेला संध्याकाळी तुमकूर रस्त्याला गारा पडल्या. पेपरात फोटो आले होते, केळीच्या बागा आडव्या झालेल्या. छप्पर उघडं असतं तर तुमच्या दुर्बिणीत आज मासे पोहत असते.

तरी म्हटलं, माणूस आजारी होता, तारीख चुकली असेल. शेजारच्या शेतावरच्या रघुपतींना फोन केला. ते म्हणाले, वीस तारखेला सकाळी तुमच्या आवारात गारांनी काय नुकसान झालं ते बघायला गेलो होतो. छप्पर बंद, कुलूप लावलेलं. त्यानंतरचं त्यांना माहीत नाही. त्याच दुपारी तुम्ही अ‍ॅडमिट झालात. मग छप्पर कोणी उघडलं, भुताने?

तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. आधी ठिपके खोटे असतील असा संशय होता. आता तुम्ही खोटे आहात ही खात्री आहे. मला याचा किती राग आला आहे ते सांगताही येत नाही. तुमच्याच गच्चीवर मी पहिल्यांदा म्हटलं होतं की मला जोडताऱ्यांवर काम करायचंय, आणि तुम्ही म्हणाला होतात, कर, पण आकडा सांभाळ, आकड्याला हात लावलास तर तुझं तोंड बघणार नाही. तेच तुम्हाला आता मी सांगायचं?

घरात राहिले, पेरू खाल्ले. मान्य. त्याच्या बदल्यात खोटे ठिपके छापू? यादीवर तुम्हाला मी आणलं. "माझे मामा आहेत, डोळे मिटून विश्वास ठेवा," हे मी लिहिलंय. कॉरिडॉरमध्ये लोक मला बघून घड्याळ दाखवतात, अडीच वाजले का विचारतात. पुढच्या वर्षी माझी नेमणूक पुढे चालू ठेवायची की नाही ते सर ठरवणार आहेत.

या ताऱ्यावरचा आमचा शोधनिबंधाचा पेपर पंधरा जुलैला जातोय. तोपर्यंत मूळ फोटो आले नाहीत तर निरीक्षकांच्या नावांतून तुमचं नाव जाईल. नुसतं या पेपरातून नाही. यादीवरूनच काढायला मी सांगणार आहे, म्हणजे यापुढे तुमचा एकही ठिपका कोणी घेणार नाही. अकरा वर्षांचे जुनेही नाहीत.

शलाका


यशवंतपूर
६ जुलै २०२५

शलाका,

काढ नाव. यादीवरून काढ, भिंतीवरून काढ, तुझ्या आईच्या माहेरच्या माणसांतून काढ. तुझा माझा संबंध संपला. दिवाळीला या दारात येऊ नकोस.

दुर्बीण विकतोय. आमच्या खगोल मंडळातले भीमाचार्य त्यांच्या नातवासाठी मागत होतेच, या महिन्याच्या शेवटच्या रविवारी माणसं घेऊन येणार आहेत. कॅमेरा, कॉम्प्युटर, सगळं एकदमच जाईल. ज्या कामात स्वतःची भाची चोर म्हणते ते काम मला करायचं नाही.

हे माझं शेवटचं पत्र.

उमाकांत

वरचं त्यांनी सांगितलेलं. ते आत झोपलेत. इथून पुढचं माझं, आणि मला कोणी सांगत नाहीये.

शलाका, छप्पर मी उघडलं.

तू नऊला गेलीस. आतल्या नर्सने मला सांगितलं, अम्मा, आता सकाळपर्यंत कुणाला आत सोडणार नाही, तुम्ही बसून काय करणार. मी दहा मिनिटं बसले. मग खाली गेले, आमची अल्टो काढली आणि शेतावर गेले. नेलमंगलाला टोल भरला, पावती आहे, तुला पुरावे लागतात म्हणून सांगते.

छप्पर ढकलायला मला जरा वेळ लागला, साठीच्या बाईचा खांदा आहे. कॅमेऱ्याचं थंड होणं, तारा मधोमध आणणं, सगळं मला येतं. अकरा वर्षं ते दुर्बिणीपाशी आणि मी बाजूच्या स्टुलावर वही घेऊन. "हात लावू नकोस नयना, सेटिंग हलेल." हात नाही लावला. डोळे तर होते ना? त्यांनी जे आपोआप चालायला ठरवून दिलं होतं ते चाललंच नाही, गारांनी शेतावरची वीज गेली होती आणि कॉम्प्युटर बंद पडला होता. मी पुन्हा सुरू केला आणि एकेक फोटो हाताने घेतला.

त्यांच्यासाठी गेले असं तुला वाटेल. वाटू दे, पण खरं नाही. तुझ्यासाठी तर नाहीच. तू घरात येऊन रोज सांगायचीस ना, हे परत होत नाही, परत होत नाही. मला बघायचं होतं. मोजलेला आकडा वर वर जात राहिला, आणि मग उतरायला लागला. मी त्या शेडमध्ये एकटी "अय्यो" म्हणून ओरडले. त्यांच्या त्या पडद्यावर ते बघणारी मी एकटी होते, सगळ्या जगात एकटी. मला किती आनंद झाला होता ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण आत नवरा आणि बाहेर असा आनंद, कोणाला सांगणार?

टेबल मी केलं आणि त्यांच्या नावाने पाठवलं, कारण यादीला त्यांचंच नाव ठाऊक. वेळ मी मध्यरात्रीपासून धरली. प्रोग्रॅम दोन पर्याय विचारतो. दिवस दुपारी बाराला सुरू होतो हे मला पटलं नाही, कुठल्या पंचांगात असतो असा दिवस? म्हणून दुसरा पर्याय घेतला. ती चूक माझी. पण ती बेइमानी नाही, आणि तुला ते बघून कळायला हवं होतं. गणित बरोबर मांडून एका पायरीला चुकलेला पोरगा आणि कॉपी केलेला पोरगा यांतला फरक मला दहावीच्या पेपरांत पाच मिनिटांत कळायचा. अठ्ठावीस वर्षं मल्लेश्वरमच्या शाळेत मी गणित शिकवलं आहे. तू मात्र मला कळावं म्हणून पहिलीच्या पोराला सांगतात तसं सांगितलंस. ते तुझं वाक्य मी तुझ्या मामांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

आधी का बोलले नाही? पहिल्याच पत्राच्या वेळी बोलणार होते. "तू फक्त लिही." सरी, ठीक आहे, लिहिते. मग ते छप्पर मीच उघडलं म्हणून खोटं बोलले. मी शेजारी बसून ते खोटं सुवाच्य अक्षरात लिहिलं. बघत होते, दोघांपैकी एकाला तरी मला विचारायची बुद्धी होते का. तू रघुपतीला फोन केलास! शेजारच्या शेतावर चौकशी केलीस, पण मामीला एक फोन नाही. मी बाकावर होते म्हणून साक्षीला मात्र काढलीस. दोघं एका माळेचे मणी, तुमच्या खानदानाचा गुणच आहे तो.

आणि पुष्करलाही ठाऊक नाही. आईने बापाला आयसीयूत टाकून शेत गाठलं हे कळलं तर माझा मुलगा मला काय म्हणेल ते मी जाणते. पण आता दुर्बीण विकायला निघालेत, आणि तिच्याबरोबर फोटोही जातील. म्हणून आता साकु झालं, पुरे झालं.

मूळ फोटो या पाकिटात पेनड्राइव्हवर आहेत. बघ, आणि मग कोणाचं काय काढायचं ते काढ.

नयना


हेब्बाळ
१४ जुलै २०२५

मामी,

फोटो बघितले. सगळे बघितले. कॅमेऱ्याने उमटवलेली वेळ रात्रीचीच आहे. ठिपके खरे आहेत, जोडतारा खरा आहे, माझं गणितही खरं निघालं. त्रिविक्रम सरांनी पंधरा मिनिटं स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, हे कोणी घेतलं? मी म्हटलं, माझ्या मामीने. यादीवरच्या सगळ्यांना आज सकाळी लिहिलं: मी केलेला आरोप खोटा होता, वेळेची चूक साधी होती, आणि मी मूळ फोटो बघायच्या आधी माणसावर बोट ठेवलं.

मी चुकले. ते पहिलीच्या पोराचं वाक्य आठवलं की मला तोंड लपवावंसं वाटतं. पण मामी, मलाही राग आहे आणि तो मी गिळणार नाही. तू दीड महिना गप्प बसलीस! मी मामाला खोटारडा म्हणत होते आणि तू शेजारी बसून ते वाचत होतीस. त्याचं हृदय आत्ता कुठे सावरतंय. त्याला काही झालं असतं तर? आमची परीक्षा घेत होतीस? घेतलीस. नापास झालो दोघंही. तुला बरं वाटलं का?

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पेपर मी थांबवून ठेवलाय. आमच्यात रीत अशी की जो दुर्बिणीपाशी बसला त्याचं नाव. दुर्बीण कोणाची याला किंमत नाही. म्हणजे तुझं. लावू ना?

दुसरं. ठिपके तळाला पोचायच्या आधीच थांबतात. आणखी पाऊण तास मिळाला असता तर आख्खा उतार हातात आला असता, असा उतार फार थोड्या लोकांनी घेतलाय. आकाश स्वच्छ होतं, तारा वर होता. का थांबलीस?

शलाका


यशवंतपूर
१९ जुलै २०२५

शलाका,

बरं वाटलं का विचारतेस. थोडं वाटलं.

तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं, माझ्या आधीच्या पत्रात काय लिहिलं तेही सांगितलं. मी हॉस्पिटल सोडून शेतावर गेले होते हे ऐकून त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "छप्पर परत नीट बंद केलंस ना?" मी म्हटलं, केलं. मग विचारलं, कॅमेऱ्याला कितीचं एक्सपोजर दिलंस. तेही सांगितलं. मी कशी गेले, घाबरले का, हे विचारलं नाही.

का थांबले ते तुझ्या पत्रात आलं होतं, म्हणून त्यांच्यासमोरच उत्तर दिलं. हॉस्पिटलचा फोन आला. पेशंटला पुन्हा दुखतंय, परत आत न्यावं लागेल, सहीला कोणी जवळ आहे का? मी म्हटलं, आले. इलेक्ट्रॉनिक सिटीत राहणाऱ्या पुष्करला फोन करून उठवलं, तू पुढे हो म्हटलं. मी घरी कपडे बदलायला गेले होते असं त्याला सांगितलं. तो आधी पोचला, सही त्यानेच केली, आणि कॉरिडॉरमध्ये सगळ्यांसमोर मला नको ते बोलला. उतार चालू होता, शलाका. पडद्यावर आकडा पडत होता आणि मी कॅमेरा बंद केला.

मग मी त्यांना एक विचारलं. काय ते त्यांना विचार, मी सांगणार नाही.

नाव लाव. नयना, पुढे माझं माहेरचं आडनाव घालून पूर्ण.

त्यांचं पत्र मी इथून पुढे लिहून घेणार नाही. हात थरथरतो तर थरथरू दे.

नयना


यशवंतपूर
२७ जुलै २०२५

शलाका,

हे अक्षर माझं आहे. लागलं नाही तर तुझं नशीब.

यादीवर लिहिलेली तुझी माफी वाचली. मी तुला माफ केलेलं नाही. तू मला चोर म्हणालीस आणि मी तुझ्याशी खोटं बोललो, दोन्ही तसंच राहू दे. छप्पर मी उघडलं असं म्हणालो कारण ते कोणी उघडलं हे मला माहीत नव्हतं, आणि माझ्या शेडमधलं काही मला माहीत नाही हे तुला कळू द्यायचं नव्हतं. तिला विचारावं हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

पेपरात नाव तिचंच. माझं कुठेही घालू नकोस, आभारातही नको. दुर्बीण विकत नाही. भीमाचार्यांना नाही म्हणून कळवलं, ते रागावलेत. किल्ली तिच्याकडे आहे आणि ती मला विचारून शेतावर जात नाही. पुष्करला तिने स्वतः सांगितलं. तो तिच्याशी बोलत नाही. मी त्याला ओरडलो, तर तो म्हणाला, बाबा, तुम्ही यात पडू नका.

तिचे फोटो मी मोठे करून पाहिले, एकेक. तारा एकाही फोटोत हललेला नाही. माझा हात एवढा स्थिर कधीच नव्हता, हे तिला सांगायला गेलो तर ती उठून आत गेली.

तिने मला काय विचारलं ते तू पुन्हा विचारू नयेस म्हणून सांगून टाकतो. ती म्हणाली, "त्या रात्री मी आत असते आणि तुम्ही शेतावर, तारा कोसळत असताना फोन आला असता, तर तुम्ही उठून आला असतात का?"

एवढंच विचारलं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आठ दिवस झाले, अजून दिलेलं नाही. ती आता वाटही बघत नाही, तिला उत्तर माहीत आहे. मलाही आहे. मी आख्खा उतार घेऊन मगच आलो असतो.

उमाकांत